मार्गांची आवक-जावक

शासकीय अधिकारी, मुख्याध्यापक व पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर



आजच्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेवर वाचून आपणांपैकी काहींनी मागच्या रांगा पसंत केलेल्या दिसतात. 'आभासी खाजगी जाळ्यांच्या मार्गतक्त्यांमधील मार्गांच्या आयात-निर्यातीचे नियंत्रण' हे नाव अभियंत्यांनी दिलेले आहे. ते बिनचूक आहे, सोपे मात्र नाही. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर. राउटर नावाचे यंत्र उघडून त्याचे अंतरंग दाखविणे हे माझे काम नव्हे. परंतु 'या दोन कार्यालयांची जाळी परस्परांस जोडण्यास मान्यता असावी' असे टिपण आज ना उद्या आपल्या टेबलावर येणार आहे, आणि त्याखाली सही अभियंत्याची नव्हे, आपली लागणार आहे. त्या सहीने नेमके काय घडते, एवढेच मी आज सांगणार आहे.

या विषयाचे निम्मे ज्ञान आपणांस अगोदरच आहे, असे म्हणावयास हरकत नाही. प्रत्येक कचेरीत आवक-जावक शाखा असते. जावक क्रमांक पडल्याखेरीज पत्र बाहेर जात नाही आणि आलेले पत्र आवक नोंदवहीत चढल्याखेरीज त्याला कचेरीत अस्तित्व नसते. संगणकांच्या जाळ्यातही हेच चालते. फरक इतकाच की, तेथे नोंद ठेवावयाची ती पत्रांची नव्हे, पत्त्यांची. कोणाच्या घराची वाट कोणाला सांगावयाची आणि सांगितलेली वाट कोणी ऐकून घ्यावयाची, हा तेथला प्रश्न आहे.

एक खुलासा आधीच केलेला बरा. व्ही.पी.एन. ही अक्षरे आपण मोबाईलवरही वाचतो. तो प्रकार संदेश गुप्त लिपीत गुंडाळून पाठविण्याचा आहे. आपण ज्याचा विचार करीत आहोत तो प्रकार दूरसंचार कंपन्या मोठ्या संस्थांना पुरवितात, आणि त्यात 'खाजगी' याचा अर्थ गुप्त लिपीतला असा नसून, इतरांना जिची वाट ठाऊक नाही अशी वस्ती, असा आहे. हा भेद कृपया लक्षात ठेवावा.

एक तार, अनेक तक्ते

समजा, तालुक्याच्या गावी एकाच आवारात तहसील कचेरी, दुय्यम निबंधकाचे कार्यालय, उपकोषागार आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्याचे कार्यालय आहे. चौघांचेही संगणक जिल्ह्याशी जोडावयाचे आहेत. प्रत्येकासाठी वेगळी तार ओढावी तर खर्च चौपट, आणि रस्ता खणला गेला की तुटावयाच्याही चार जागा. म्हणून तार एक आणि तिच्या तोंडाशी राउटरही एकच. मग उपकोषागारातील देयके आरोग्य कार्यालयातील संगणकावरून कोणी चाळू लागला तर?

याचे उत्तर राउटरच्या स्वभावात आहे. जाळ्यातून जाणाऱ्या प्रत्येक संदेशाच्या माथ्यावर तो कोठे जावयाचा त्याचा पत्ता आकड्यांत लिहिलेला असतो. राउटर तो पत्ता वाचतो आणि आपल्याजवळच्या मार्गतक्त्यात पाहतो. तक्त्यातील प्रत्येक ओळ एवढेच सांगते की, अमुक गटातील पत्त्यांसाठी पुढचा मुक्काम तमुक. ओळ सापडली की संदेश रवाना झाला. न सापडली तर तो टाकून दिला जातो. एस.टी. स्थानकावरील फलकासारखेच हे आहे. ज्या गावाचे नाव फलकावर नाही, त्या गावाला त्या स्थानकावरून गाडी नाही. गाव चार मैलांवर असले म्हणून काय झाले?

तेव्हा युक्ती अशी की, यंत्र एक असले तरी त्याच्या पोटात तक्ते चार ठेवावयाचे. उपकोषागाराच्या तारेने आलेला संदेश फक्त उपकोषागाराच्या तक्त्यात पाहावयाचा, आरोग्य कार्यालयाचा फक्त आरोग्याच्या. उपकोषागाराच्या तक्त्यात आरोग्य कार्यालयाच्या पत्त्याची ओळच नसेल तर उपकोषागाराच्या दृष्टीने ते कार्यालय पृथ्वीच्या पाठीवर नाही. या स्वतंत्र तक्त्यांना अभियंते व्ही.आर.एफ. म्हणतात. भिंत उभी राहिली ती विटांची नव्हे, अज्ञानाची. अज्ञानाचा इतका सदुपयोग अन्यत्र क्वचितच झाला असेल.

ही पद्धत शब्दबद्ध झाली ती मार्च १९९९ मध्ये. एरिक रोझेन आणि याकोव्ह रेख्टर या दोघांनी ती आर.एफ.सी. २५४७ या क्रमांकाच्या लेखात मांडली, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये आर.एफ.सी. ४३६४ या सुधारित लेखाने तिला मानकाचे रूप आले. यांपैकी रेख्टर यांची आणखी एक ओळख आहे. इंटरनेटवरील मोठमोठी जाळी ज्या भाषेत एकमेकांना वाटा सांगतात ती बी.जी.पी. ही भाषा त्यांनी व कर्क लॉहीड यांनी जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथे एका बैठकीच्या वेळी जेवणाच्या टेबलावर, हात पुसावयाच्या कागदांवर आखली. मोठ्या योजनांची सुरुवात जाड बांधणीच्या अहवालानेच व्हावी, असे काही नाही. आपण ज्या आयात-निर्यातीविषयी बोलत आहोत ती याच भाषेतून होते.

वडगाव कोणते?

आता एक अडचण. जगातील जुन्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी. ती पुरणार नाही हे लवकरच दिसू लागले. त्यावर एक उपाय म्हणून फेब्रुवारी १९९६ मध्ये काही पत्ते घरगुती वापरासाठी सर्वांना मोकळे ठेवण्यात आले. १० या आकड्याने सुरू होणारे सारे पत्ते, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून अधिक, त्यांतलेच. १९२.१६८ ने सुरू होणारेही त्यांतलेच. हे पत्ते कोणीही आपल्या घरात वापरावेत, बाहेर मात्र सांगू नयेत, असा संकेत आहे. परिणामी तहसील कचेरीतही १९२.१६८.१.१० हा संगणक असतो आणि दुय्यम निबंधकाकडेही त्याच पत्त्याचा दुसरा संगणक असतो. दोघेही नियमानुसारच वागलेले असतात.

महाराष्ट्रात वडगाव नावाची गावे किती आहेत याचा अनुभव टपाल खात्याला विचारावा. वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव मावळ, वडगाव शेरी. नुसते 'वडगाव' लिहिलेले पत्र कोठे जाईल ते देव जाणे, म्हणून आपण पुढे दुसरे नाव जोडतो. वरील पद्धतीतही हेच केले आहे. घरगुती पत्ता चार बाइटांचा. त्याच्या आधी आठ बाइटांची एक खूण जोडतात आणि बारा बाइटांचा, सर्वत्र निराळा ठरणारा पत्ता तयार करतात. या खुणेला रूट डिस्टिंग्विशर म्हणतात. तहसीलचे १९२.१६८ आणि निबंधकाचे १९२.१६८ ही दोन्ही मग एकाच तारेवरून, परस्परांत न मिसळता, जिल्ह्यापर्यंत सांगितली जाऊ शकतात.

येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे आणि तो दूर करणे मला आवश्यक वाटते. ही खूण वेगळी दिली की जाळी वेगळी झाली, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. 'मावळ' हा शब्द कोणते वडगाव ते सांगतो. वडगावला कोणी जावे आणि कोणी जाऊ नये, हे तो सांगत नाही. ते सांगण्यासाठी दुसरी वस्तू आहे, आणि आजचा विषय खरे तर तीच आहे.

शिक्का आणि यादी

त्या वस्तूचे नाव रूट टार्गेट. आपण तिला शिक्का म्हणू. तक्त्यातील ओळ बाहेर सांगावयाची असेल तेव्हा तिच्यावर एक किंवा अनेक शिक्के उमटवितात. ही झाली निर्यात. दुसऱ्या टोकाला प्रत्येक तक्त्यापाशी एक यादी असते की, अमुक अमुक शिक्के असलेल्या ओळी आत घ्याव्यात. आलेल्या ओळीवरील शिक्क्यांपैकी एक जरी त्या यादीत असला तरी ती ओळ आत येते. एकही नसेल तर त्या तक्त्यापुरती ती आलीच नाही. ही आयात. शिक्का प्रत्यक्षात ६५०००:१० अशा दोन आकड्यांच्या जोडीने लिहितात. आपण नुसता दहाचा शिक्का, विसाचा शिक्का असे म्हणू.

उपकोषागाराच्या सर्व शाखांनी दहाचा शिक्का मारून ओळी पाठविल्या आणि दहाचाच शिक्का असलेल्या ओळी आत घेतल्या, तर सारी उपकोषागारे परस्परांस दिसतील आणि इतर कोणास दिसणार नाहीत. हा सर्वांत साधा प्रकार.

आता जरा निराळी आखणी पाहा. मुख्यालय सर्व जिल्ह्यांना दिसावे आणि जिल्हे मुख्यालयाला दिसावेत, पण एक जिल्हा दुसऱ्याला दिसू नये, अशी इच्छा आहे. पूर्वी अशा वेळी कोण कोणास दिसावे आणि कोण दिसू नये याची जोडीजोडीने चर्चा करावी लागे. आपल्या राज्यात ३६ जिल्हे आहेत. त्यांच्या आपापसांतील जोड्याच ६३० होतात. येथे दोन शिक्के पुरतात. जिल्ह्यांनी 'शाखा' हा शिक्का मारून पाठवावे व 'केंद्र' हा शिक्का असलेले घ्यावे. मुख्यालयाने याच्या नेमके उलट करावे. कोणताही जिल्हा 'शाखा' शिक्क्याच्या ओळी घेत नाही, म्हणून ६३० पैकी एकाही जोडीविषयी स्वतंत्र आदेश काढावा लागत नाही. नवीन जिल्हा निर्माण झाला तर त्याला हेच दोन शिक्के द्यावयाचे. बाकीच्यांना हात लावावयाचे कारण नाही. या योजनेतील खरी बुद्धिमत्ता मला येथे दिसते.

या व्यवहाराला दोघांची संमती लागते, हेही ध्यानात घ्यावे. नुसते सांगून भागत नाही, समोरच्याने ऐकून घ्यावे लागते. आणि नुसते ऐकावयास बसून चालत नाही, कोणीतरी सांगावे लागते. कोणीच काही केले नाही तर भिंत आपोआप शाबूत राहते. प्रशासनाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे.

सारा तक्ता की एक ओळ?

दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदवावयास आले की त्याला सातबारा पाहावा लागतो. समजा, सातबाऱ्याच्या नोंदी तहसीलच्या एका संगणकावर आहेत. निबंधकाच्या तक्त्याला त्या संगणकाची वाट कळावयास हवी. टिपण तयार होते की, तहसील व निबंधक यांची जाळी जोडावीत. अभियंता तहसीलच्या तक्त्याला आणखी एक, म्हणजे विसाचा, शिक्का मारावयास सांगतो आणि निबंधकाच्या यादीत वीस हा आकडा घालतो. दहा मिनिटांत सातबारा दिसू लागतो. सर्वांचे समाधान होते.

परंतु काय झाले ते पाहा. शिक्का सगळ्या तक्त्याला मारला. तहसीलच्या तक्त्यातील प्रत्येक ओळीवर तो उमटला. सातबाऱ्याचा संगणक तर दिसू लागलाच, पण तहसीलदारांच्या टेबलावरील संगणक, आस्थापना शाखेचा संगणक, छपाई यंत्रे, दारावरचा कॅमेरा, या सर्वांच्या वाटाही निबंधकाच्या कार्यालयात जाऊन पोहोचल्या. मागितली होती एक ओळ, गेली सारी वही. पाहुण्याला पाणी द्यावयाचे म्हणून स्वयंपाकघराची किल्ली दिली, असा हा प्रकार.

या ठिकाणी नियंत्रण हा शब्द खऱ्या अर्थाने येतो. निर्यात करताना संपूर्ण तक्त्याला सरसकट शिक्का न मारता, ओळीओळीचा विचार करणारा एक नियम बसविता येतो. अमुक एका संगणकाची ओळ असेल तर तिला विसाचा शिक्का मारावा, बाकीच्यांना नेहमीचा दहाचाच ठेवावा. तसाच नियम आयातीच्या दारावरही बसविता येतो. विसाचा शिक्का असलेल्या ओळींपैकी अमुक पत्त्याची ओळ तेवढी आत घ्यावी, दुसरी कोणतीही आली तरी घेऊ नये. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांत या नियमांना निरनिराळी नावे आहेत, काम एकच.

दोन्ही दारांवर नियम कशाला, एक पुरे नाही का, असे कोणी विचारील. पुरत नाही. निर्यातीचा नियम तहसीलच्या हिताचा असतो आणि आयातीचा निबंधकाच्या. उद्या तहसीलकडील नियम कोणाकडून चुकीने बदलला गेला तरी निबंधकाच्या दारावरचा पहारेकरी नको ती ओळ अडवील. जावक शाखेने चुकीचे पत्र पाठविले तरी आवक कारकुनाने पाकिटावरील नाव वाचावयाचे असते, त्यातलाच हा भाग.

परतीची वाट

एवढे करूनही पुष्कळदा सातबारा दिसत नाही. टिपणात 'निबंधकास तहसीलचा संगणक दिसावा' असे लिहिलेले असते आणि अभियंत्याने तेवढेच केलेले असते. निबंधकाचा प्रश्न तहसीलच्या संगणकापर्यंत जातो. उत्तर तयार होते. पण उत्तराला परत जाण्याची वाट तहसीलच्या तक्त्यात नसते, कारण निबंधकाने आपली ओळ कधी तहसीलला सांगितलेलीच नाही. उत्तर वाटेतच टाकून दिले जाते. म्हणून मार्गांची देवाणघेवाण नेहमी दोन्ही बाजूंनी करावी लागते, आणि मान्यतेच्या टिपणातही दोन्ही दिशा वेगवेगळ्या लिहावयास हव्यात. तहसीलकडून कोणती ओळ जाईल आणि निबंधकाकडून कोणती येईल, हे दोन निरनिराळे निर्णय आहेत.

या देवाणघेवाणीत वडगावचा प्रश्नही पुन्हा डोके वर काढतो. दोन्ही कार्यालयांत १९२.१६८.१ हाच गट वापरात असेल, तर वेगवेगळ्या तक्त्यांत असेपर्यंत काही बिघडत नाही. पण एकाची ओळ दुसऱ्याच्या तक्त्यात आणली की त्या गटाचे धनी दोन होतात. तक्ता त्यांतला एकच निवडतो. उत्तर शेजारच्या कार्यालयाला जावयाचे ते स्वतःच्याच घरात फिरत राहते. तेव्हा जी ओळ बाहेर द्यावयाची तिचा पत्ता दोन्ही घरांत निराळा असला पाहिजे, किंवा मध्ये पत्ते बदलून देणारी व्यवस्था तरी असली पाहिजे. पत्त्यांचे वाटप सुरुवातीलाच राज्यभर आखून केले तर ही आफत टळते. मागाहून करावयाचे तर ते चालू गाडीचे चाक बदलण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट. एका तक्त्याने बाहेरून आयात केलेली ओळ तो आपली म्हणून तिसऱ्याला निर्यात करीत नाही, अशी या पद्धतीतील सर्वसाधारण रीत आहे. निबंधकास तहसीलची वाट कळली म्हणून निबंधकाशी जोडलेल्या तिसऱ्या कार्यालयास ती कळत नाही. तिसऱ्याला हवी असेल तर त्याने तहसीलकडेच मागितली पाहिजे. अभियंत्यांना ही रीत कधीकधी जाचक वाटते. मला ती योग्य वाटते. ज्याची वस्तू आहे त्यालाच ती द्यावयाचा अधिकार असावा.

वाट बाहेर जाते तेव्हा

हे नियंत्रण सुटले म्हणजे काय होते, याची उदाहरणे शोधावयास दूर जावे लागत नाही. कार्यालयांच्या आत घडलेल्या घटना बाहेर येत नाहीत. परंतु सार्वजनिक इंटरनेटवर वाटा सांगण्याची भाषा तीच, दारेही तीच, आणि तेथे घडलेले सर्वांना दिसते. म्हणून तेथील दोन घटना सांगतो.

पहिली २४ फेब्रुवारी २००८ ची. पाकिस्तानात यूट्यूब हे संकेतस्थळ बंद करण्याचा सरकारी आदेश निघाला. तो पाळण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने आपल्या जाळ्यात यूट्यूबच्या काही पत्त्यांची खोटी वाट घातली, म्हणजे देशातील प्रेक्षक त्या वाटेने गेले की त्यांचे संदेश तेथेच संपावेत. उद्देश घरापुरता होता. पण ती ओळ निर्यातीच्या दारावर अडली नाही. हाँगकाँगच्या ज्या कंपनीमार्फत पाकिस्तान जगाशी जोडलेले होते, तिच्या आयातीच्या दारावरही ती कोणी अडविली नाही. तेथून ती जगभर गेली. येथे तक्त्यांचा एक नियम सांगावयास हवा. दोन ओळींपैकी जी अधिक नेमकी असेल ती जिंकते. यूट्यूबने स्वतः १,०२४ पत्त्यांच्या गटाची वाट सांगितलेली होती आणि पाकिस्तानातून निघालेली ओळ त्यातीलच २५६ पत्त्यांची होती. जगातील राउटरांनी नेमकी ओळ मानली आणि प्रेक्षकांचे संदेश पाकिस्तानच्या दिशेने धावू लागले. यूट्यूबला आधी २५६ आणि मग १२८ पत्त्यांचे तुकडे करून आपलीच वाट पुन्हा सांगावी लागली. दोन तासांहून थोड्या अधिक काळाने, हाँगकाँगच्या कंपनीने ती ओळ काढून घेतल्यावर, प्रकरण निवळले. घरात चिकटवावयाची सूचना वेशीवर लागली आणि शेजारच्या गावांनी ती खरी मानली, असे हे झाले.

दुसरी घटना कॅनडातील, आणि मला ती अधिक गंभीर वाटते. रॉजर्स ही तेथील मोठी दूरसंचार कंपनी. तिने आपल्या मुख्य जाळ्यात सात टप्प्यांची सुधारणा हाती घेतली होती. सुरुवातीला या कामाची जोखीम मोठी मानली गेली होती, परंतु पहिले टप्पे सुरळीत पार पडले म्हणून सहाव्या टप्प्याची जोखीम कमी ठरविण्यात आली. ८ जुलै २०२२ च्या पहाटे त्या टप्प्यात मार्ग गाळणारा एक नियम काही राउटरांवरून काढून टाकला गेला. त्याबरोबर मार्गांचा लोंढा गाभ्यातील राउटरांवर कोसळला. त्या राउटरांवर 'इतक्यांपेक्षा अधिक ओळी घेऊ नयेत' अशी मर्यादा घातलेली नव्हती. ते निकामी झाले. १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांचे दूरध्वनी व इंटरनेट बंद पडले, देशभर दुकानांतील कार्डांचे व्यवहार थांबले, संकटकाळी लावावयाच्या ९११ या क्रमांकालाही झळ पोहोचली. सेवा पूर्ववत होण्यास सुमारे २६ तास लागले. दुरुस्तीसाठी राउटरांपर्यंत जावयाचे जाळेही त्याच गाभ्यावर अवलंबून होते. त्यामुळे अभियंत्यांनाही आत शिरता येईना, आणि कारण कळावयासच १४ तास गेले. तेथील दूरसंचार नियामक आयोगाने बाहेरच्या तज्ज्ञांकडून केलेल्या तपासणीचा सारांश २०२४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या हाती असली कामे आहेत त्यांनी तो मुळातून वाचावा.

या दुसऱ्या घटनेत शिक्का आणि नियम यांच्या जोडीला तिसरी एक गोष्ट दिसते, ती संख्येची मर्यादा. निबंधकाच्या तक्त्यात बाहेरून एक ओळ यावयाची आहे, तर दहापेक्षा अधिक आल्यास सूचना द्यावी अशी मर्यादा घालता येते. तिला खर्च लागत नाही, आठवण लागते.

ज्याची तक्रार येत नाही

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. वाट कमी पडली तर तक्रार येते. सातबारा दिसला नाही की पक्षकार ओरडतो, निबंधक दूरध्वनी करतो, अभियंता धावत येतो. परंतु वाट जास्त झाली तर कोण तक्रार करणार? आस्थापना शाखेच्या संगणकाची वाट निबंधकाच्या कार्यालयात पोहोचली, याने कोणाचेच काम अडत नाही. उलट सर्व काही उत्तम चालते. तो दोष महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो आणि ज्या दिवशी एखाद्या कार्यालयातील संगणकात दुष्ट हेतूचा कार्यक्रम शिरतो, त्या दिवशी त्याला आयती वाट मिळते. अडचण येईल तेव्हा पाहू, हे धोरण येथे लागू पडत नाही, कारण अडचण हीच की ती येत नाही.

तात्पुरत्या जोडण्यांचे असेच होते. तपासणी पथक आले, पंधरा दिवसांसाठी लेखापरीक्षणास वाट हवी होती, दिली. पथक गेले, वाट राहिली. अभियंत्याची बदली झाली. विसाचा शिक्का कोणासाठी होता हे सांगणारे कोणी उरले नाही. पुढचा अभियंता तो काढावयास धजत नाही, कारण काढला आणि कोठे काही बंद पडले तर जबाबदारी त्याची. म्हणून प्रत्येक शिक्क्याची एक नोंदवही असावी, असे मी आग्रहाने सांगेन. तो कोणी मागितला, कोणाच्या आदेशाने दिला, कोणत्या ओळीसाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत. तारीख संपली की आदेशाचे नूतनीकरण व्हावे किंवा शिक्का निघावा. आपल्या कचेऱ्यांत शिधासाहित्याचीही नोंदवही असते, मग वाटांची का नसावी?

पंचायत सदस्यांना वाटत असेल की, हे सारे जिल्ह्याच्या गावाचे प्रकरण आहे. आता तसे राहिलेले नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूंचे जाळे नेण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. आपल्या राज्यात ग्रामपंचायती सुमारे २८ हजार आहेत. पंचायतीपर्यंत आलेल्या त्या एका तंतूवर उद्या शाळा, उपकेंद्र आणि पंचायतीचे दप्तर असे तिघे बसले, तर तालुक्याच्या आवारातला प्रश्न गावच्या चावडीत येतो. मुलांची यादी, गरोदर स्त्रियांची नोंद, घरपट्टीची थकबाकी ही तिन्ही गावातल्या माणसांचीच माहिती. पण एकाची दुसऱ्यास उघडी नसावी, हे गावातील माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. लोकांच्या वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी संसदेने २०२३ साली स्वतंत्र कायदाही केला आहे.

प्रारंभी मी एक भेद लक्षात ठेवण्यास सांगितले होते. ही पद्धत वाट लपविते, मजकूर लपवीत नाही. तारेत कोणी शिरला तर संदेश उघडाच असतो. गुप्त लिपी हवी असल्यास ती वेगळी योजावी लागते. तसेच, ज्याला वाट माहीत आहे त्याला दार उघडण्याचा अधिकार आहे, असेही नाही. सातबाऱ्याच्या संगणकावर नाव, परवलीचा शब्द आणि कोणी काय पाहिले याची नोंद ही लागतीलच. 'आमचे जाळे खाजगी आहे, म्हणून परवलीचा शब्द सर्वांना एकच ठेवला आहे,' असे समाधान जेथे ऐकू येते तेथे कार्यालय प्रमुखाने सावध व्हावे.

कार्यालय प्रमुखाने राउटर शिकावे असा माझा मुळीच आग्रह नाही. त्याने अभियंत्यास एक कागद मागावा. आपल्या तक्त्यात बाहेरून आलेल्या ओळी किती आणि कोणत्या, आणि आपल्याकडून बाहेर गेलेल्या किती आणि कोणत्या. यंत्राला ही यादी काढावयास काही क्षण पुरतात. त्या कागदावरील प्रत्येक ओळीपुढे, ती कोणासाठी आहे हे पेनाने लिहावयास सांगावे. ज्या ओळीपुढे जागा कोरी राहील, तिच्यापासून कामाला सुरुवात करावी.

मागच्या रांगेतून दोन हात केव्हाचे वर दिसत आहेत. त्यांच्यापासून प्रश्न घेऊ.